चंदनाचा पायगुण

निपाणी, डिसेंबर १९४१

प्रिय चंदना,

तू चिकोडीला माहेरी गेल्यापासून या घरात तुझं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. धाकट्या जावेचं कौतुक थांबलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. दोन दिवस वाटलंही.

तू आलीस त्या हंगामात तंबाखूचा दर चढला आणि सासूबाई म्हणाल्या, "पोरीचा पाय लई गुणाचा." मी आले त्या वर्षी वखारीला आग लागली होती, म्हणून मी पांढऱ्या पायाची. कॉलेजात शिकलेली थोरली सून मी. पण सौद्याच्या सकाळी तंबाखूनं गच्च भरलेल्या पहिल्या बोदाला हळदकुंकू लावायला मामंजी "चंदना, ये गं बाई," म्हणून तुला हाक मारायचे आणि इकडे चुलीवर माझी भाकरी करपायची.

पायगुण मी मानत नाही. पण तेवढ्यानं मन निवेना. माझ्या रोजनिशीत प्रत्येक सौद्याची नोंद असते. तुझ्या हातचे सौदे एकीकडे काढले, माझ्या हातचे दुसरीकडे. पायाचा आणि दराचा काही संबंध नसेल, तर मामंजींच्या अंदाजापेक्षा जास्त दर मिळण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं यायला हवं. तसं आलं नाही. तुझ्याकडचं कितीतरी जास्त आलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग लक्षात आलं, चांगला माल निघाला की हाक तुला, हलका असला की "राजमती, तूच लाव गं. त्येचं काय बिघडतंय!" फक्त तू माहेरी असलीस की चांगलाही माझ्याकडे यायचा, आणि मी बेळगावला गेले की हलकाही तुझ्याकडे. म्हणून माल वेगवेगळा करून पुन्हा पाहिलं. चांगल्या पानाचे चारांतले तीन सौदे अंदाजाच्या वर चढलेले, हात तुझा असो की माझा. हलक्याचा चारांतला एक, तिथंही तसंच. दर पानाकडे बघत होता, आपल्या दोघींकडे नाही. काय सुख झालं म्हणून सांगू! सासूबाईंनी पुढच्या वेळी तुला लक्ष्मी म्हटलं की तुझ्यासमोरच हे वाचून दाखवायचं, असं मी ठरवून टाकलं.

ती वेळ आलीच नाही. यंदा दर पडला. "पाय फिरला तिचा," म्हणून तुला पाठवून दिलं, आणि आता कुंथुनाथभावजींसाठी दुसरी बघायचं बोलणं निघालंय. तेव्हा मी मामंजींना सगळा हिशेब समजावला. ते म्हणाले, "म्हंजे मागं चांगलं झालं, त्ये बी तिच्यामुळं न्हाय म्हणतीस?" मी म्हणाले, "नाही." खोटं कशाला बोलू, ते म्हणताना मला गोड वाटलं. सासूबाईंनी मात्र तोडगा काढला, "सोमवारच्या सौद्याला बोलवा. दर चढला तर राहू दे, न्हाय तर दुसरी आणू."

म्हणून हे पत्र. सोमवारचं बोलावणं आलं तर येऊ नकोस. माल उत्तम आहे, मी पान हातात घेऊन पाहिलंय. बहुतेक तू जिंकशील. पुन्हा लक्ष्मी होशील आणि पुढच्या पडत्या दराला पुन्हा हाकलली जाशील. एका सौद्यानं काही ठरत नसतं. भावजींना मी हे सांगितलंय. ते म्हणाले, "वहिनी, तिला घरात घेतलं न्हाय तर मी बी चिकोडीलाच ऱ्हातो." सौदा आटोपल्यावर, बुधवारी, ते स्वतः तुला न्यायला येतील. त्यांच्याबरोबर ये. तू जिंकलेली मला बघवणार नाही, म्हणून तर मी तुला अडवत नाही ना, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. थोडं तसं आहेच. तरी बुधवारी ये.

तुझीच,
अजून पुरती न निवलेली,
राजमतीआक्का