संमतीवाचून चार वेळा

काराकोल, १४ ऑक्टोबर

प्रिय सैकाल एजे,

सहा वर्षांनी तुला एजे म्हणतेय. थोरल्या बहिणीला दुसरं काय म्हणणार? तिकडे नारीनला बर्फ पडायला लागला असेल. इथे सफरचंदं उतरवून झाली. यंदा जर्दाळूचा मुरंबा केला, पण तुझ्यासारखा नाही जमला. पातळच राहिला.

परवा बाजारात लोकरीचे गालिचे बघितले आणि जुने दिवस आठवले. ओल्या लोकरीची गुंडाळी आपण दोघी हातात हात घालून तुडवायचो, आई वरून कढत पाणी ओतायची. मी रडकुंडीला आले की तू म्हणायचीस, "चल गं मुंगळे, अजून वीस पावलं!" वीस संपली की पुन्हा वीस.

तू अजून तेच काम करतेस, हे मला माहीत आहे. नदीकाठची खोली, नवा फोन नंबर, तेही माहीत आहे. कसं, ते सांगायलाच बसलेय.

आईच्या दफनाला तू पोचली नाहीस, म्हणून चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी तुला चारचौघांत बोलले, "घाट बंद होता म्हणे! यायचंच नव्हतं तुला." घाट खरंच बंद होता. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. तू ताटावरून उठून गेलीस, आणि नंतर फोन करायची माझी छाती झाली नाही.

पण मी कर्ज देणाऱ्या कंपनीत बसायचे, आणि तुझा ओळख क्रमांक मला पाठ आहे. यंदा चार वेळा मी तुझा क्रेडिट रिपोर्ट उघडला. पत्ता बघायचा, हप्ते वेळेवर जातायत म्हणजे एजे बरी आहे असं समजायचं, आणि बंद करायचा. माणसाच्या संमतीशिवाय तो उघडायचा नसतो, हे नव्या मुलींना मीच शिकवायचे.

दर वेळी तिथे नोंद होत गेली, जणू तूच दारोदार कर्ज मागत हिंडतेयस. म्हणून बँकेने तुला लोकर पिंजायच्या यंत्रासाठी नाही म्हटलं, हे आमच्या कंपनीकडे आलेल्या तुझ्या तक्रारीवरून कळलं. "मी यंदा काराकोलला पाऊलही टाकलेलं नाही. माझी माहिती कोणी काढली, ते मला कळलंच पाहिजे." अक्षर लगेच ओळखलं.

साहेब म्हणाले, "मागच्या तारखांची चार संमतिपत्रं करून टाक. बहिणीचीच तर सही. जमेल तुला."

"जमेल," मी म्हटलं, "पण करणार नाही."

मी खरं ते लिहून दिलं. काल त्या चारही नोंदी खोडल्या गेल्या. तसं शिक्क्याचं पत्र सोबत आहे. ते बँकेत दाखव आणि पुन्हा अर्ज कर. माझी नोकरी गेली. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, आणि मला माफ करायची घाईही करू नकोस. तक्रार पुढे न्यायची असेल तर खुशाल ने. माझं नाव घाल.

आता तू कशी आहेस, हे मला कुठल्याच पडद्यावर दिसणार नाही. वाटलं तर तूच कळव.

तुला न विचारता तुझी खुशाली चोरणारी,
धाकटी झूरा