हंड्यावरचं नाव

भुसावळ,
१२ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. मंजुळाअक्का हिला पुनाचा नमस्कार.

तुझं कार्ड परवा मिळालं. फैजपूरला सगळे बरे आहेत, दाजींचा गुडघा उतारावर आहे, हे वाचून बरं वाटलं. आम्ही इथे खुशाल आहोत. म्हणजे हे खुशाल आहेत. माझं काय ते पुढे वाच.

घर कसं मांडलं म्हणून विचारलंस. दोन खोल्या आहेत. पुढची एवढीशी की खाट टाकली तर दार अर्धंच उघडतं. रेल्वेचं क्वार्टर मिळायला दोन वर्षं तरी लागतील, तोवर हेच. टेबल म्हणजे यांनी कुठून तरी आणलेलं लाकडी खोकं. माझी एक जुनी साडी फाडून अर्धी त्या खोक्यावर घातली आणि अर्धीचा पडदा केला. तू म्हणशील, तुमचं तरी बरं! तू आणि दाजींनी केळीच्या वखारीमागे बिऱ्हाड केलं तेव्हा तीन विटांची चूल आणि एकच पातेलं होतं, त्यातच भात आणि त्यातच चहा. मी सुट्टीत आले की त्या चहाला भाताचा वास यायचा. आमच्याकडे तसं नाही बाई. आमच्याकडे भांडी आहेत, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

नीट सांगते. लग्नात तुम्ही सगळ्यांनी दिलेली माझी आंदणाची भांडी साक्रीकडे सासरीच राहिली. जाऊबाई लिलाबाई म्हणाल्या, "घर एकच आहे, भांडी कुठे पळून जातात?" आणि किल्ली कमरेला लावली. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. आमच्या सासूबाई, सुंदरबाई, बोलायला कशा आहेत ते तू लग्नात पाहिलंसच. माझी बाजू घ्यायची सोडून चारचौघांत म्हणाल्या, "मनाजोडे देवाले काही नही. तुमनं तुम्ही देखा." म्हणजे द्यायला माझ्याकडे काही नाही, तुमचं तुम्ही बघा. बाजरीचं पोतं आणि लसणाची चटणी घेऊन आमचा संसार निघाला. यांची रजा संपली म्हणून हे महिनाभर आधी पुढे आले आणि मी दिवाळी करून मागून आले.

दार उघडून बघते तर हंडा, कळशी, परात, दोन तांबे, सगळं पितळी, चिंचेनं घासून लख्ख केलेलं! कुठून आणलं म्हटलं, तर म्हणाले मोडीतून वजनावर घेतलं. मी खूश झाले. नवरा दिसतो तितका भोळा नाही असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी हंडा घासताना गळ्याशी बोटाला काहीतरी लागलं. उजेडात नेऊन पाहिलं. ठिपके ठोकून नाव घातलं होतं. गुलाब. कळशीवर तेच, परातीवर तेच, तांब्यांवरही तेच. अक्का, मोडीतली भांडी असती तर पाच घरची पाच नावं असती ना?

मी विचारलं नाही. तू मला ओळखतेस, मी आधी बघते. संध्याकाळी सहज म्हटलं, "फार जुनी दिसतात हो ही." तर म्हणाले, "हो, एका मित्रानं दिली." म्हणजे परवा मोड आणि आज मित्र. वर आणखी म्हणाले की विटेच्या भुकटीनं घासू नकोस, चरे पडतात. माझ्या हाताला पडलेले चरे यांना कधी दिसले नाहीत.

लग्नाआधी हे दोन वर्षं एकटे इथेच नोकरीला होते हे तुला ठाऊक आहे. पाणी कुठेतरी मुरतंय. तुला काय वाटतं ते कळव, पण कार्डावर लिहू नकोस. बंद पाकीट पाठव.

तुझी,
पुना

भुसावळ,
२५ जानेवारी १९८७

ती. सौ. अक्कास नमस्कार.

तीळगूळ मिळाला. मुलांना माझे पापे दे.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. खिसे पाहिले. पास, सुपारी आणि एक तुटकं बटण, बास. ट्रंक पाहिली. फोटो नाही, चिठ्ठी नाही. इतकं स्वच्छ कोणा पुरुषाचं असतं का? मला तर त्याचाच जास्त संशय आला.

मग शेजारच्या नर्मदाबाईंना बोलतं केलं. त्या म्हणाल्या, तुम्ही यायच्या आधी एक म्हातारा आला होता, गोणपाटात भांडी बांधून, हंडा डोक्यावर घेऊन. हे त्याच्या पाया पडले, तर त्यानं यांना पोटाशी धरलं आणि दोघांचेही डोळे भरले होते म्हणे. आता तूच सांग. गुलाब नावाच्या मुलीची भांडी घेऊन येणारा म्हातारा तिच्या बापाशिवाय कोण असणार? लग्न ठरलं असेल, भांडी घेऊन झाली असतील, आणि यांनी शब्द फिरवून माझ्याशी लग्न केलं असेल. किंवा फिरवला नसेल आणि ती कुठेतरी अजून असेल. रोज भाजी चिरताना मी तिला नवं रूप देते. कधी ती गोरी असते, कधी मेलेली असते.

बाजारात भांड्यांच्या दुकानात जाऊनही विचारून आले. दुकानदार म्हणाला, मोडीची भांडी आम्ही विकत नाही, ती आटवायला जातात. म्हणजे पहिली थाप तर पकडलीच.

तू लिहिलं होतंस, ज्यात त्याचा जीव आहे ते घराबाहेर काढ आणि तोंड बघ. संक्रांत होऊ दिली. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर हातगाडी बोलावली, हंड्यापासून तांब्यापर्यंत सगळं मोडीत घातलं आणि बदल्यात स्टीलची भांडी आणली. त्यांवर मशीननं नाव घालून घेतलं, सौ. कला. लग्नात ताटातल्या तांदळावर यांनी अंगठीनं लिहिलेलं नाव. तुझ्या जिभेवर ते बसत नाही, माझ्याही अजून बसलेलं नाही, पण हे घर कोणाचं ते निदान भांड्यांना तरी कळू दे.

सातव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं. खोटं का सांगू, मी सहा दिवस हंड्याच्या जागी बाजरीचं पोतं ठेवलं होतं. ते हलवलं आणि हे बघत उभे राहिले. ओरडले नाहीत. दुकान कोणतं ते विचारलं आणि सायकल काढून तसेच गेले. तासाभरानं रिकाम्या हातानं परत आले आणि म्हणाले, "नवी चांगली आहेत." जेवले नाहीत. तीन दिवस झाले, हो-नाही एवढंच बोलतात.

चोर सापडला अक्का. निर्दोष माणूस भांडला असता. पण मला आनंद होत नाही. त्यांनी एकदा तिचं नाव घेतलं की मी पिशवी भरून तुझ्याकडे येते. कोपऱ्यात जागा करून ठेव.

तुझी,
पुना

भुसावळ,
२२ एप्रिल १९८७

ती. सौ. अक्का,

आई गेल्यापासून आखाजीचं, अक्षय्यतृतीयेचं माहेर म्हणजे तूच, तरी यंदा मी येत नाही. झोका बांधलास तर मुलांना बसव. का येत नाही ते लिहायला आठ दिवसांत तीन कागद फाडले.

गेल्या पंधरवड्यात सकाळी दाराशी एक म्हातारा आला. नर्मदाबाईंनी खिडकीतूनच मला खूण केली की हाच तो. मी पदर खोचला. म्हटलं, या, मुलीचे वडील, आज सोक्षमोक्षच होऊ दे! म्हातारा आत आला, पिशवी ठेवली, आणि मी त्याला ओळखलं. लग्नात फेटा बांधून सगळ्यांना पंगतीला बसवत होते ते, यांचे सख्खे मामा, पिंपळनेरचे तोताराममामा. ओंकारेश्वरला निघाले होते, भुसावळला गाडी बदलायची म्हणून वाट वाकडी करून आले.

मी पाणी दिलं. स्टीलच्या पेल्याकडे बघत म्हणाले, "गुलाबना हंडा कोठे शे व माय? त्यानं पानी दे ना."

"कोण गुलाब, मामा?"

"आव, तुनी सासू! आमना घर ती गुलाबच व्हती. सुंदर नाव तं लगीनमा सासरासनी दिधं." मामा हसले. "तो हंडा तिना लगीनमा मी डोकावर ली गयथू. नि आते तुना घर बी मीच ली उनू."

मग सगळं सांगितलं. भांड्यांवर सासूबाईंच्या वडिलांनी लग्नाआधीच नाव ठोकून घेतलं होतं. लग्नात नाव बदललं, पण भांड्यांवरचं कसं बदलणार? सासूबाईंना वेगळं राहावं लागलं तेव्हा शेतातल्या झोपडीत त्यांनी याच पाच भांड्यांवर पहिलं घर केलं. स्वतःचं असं त्यांच्याकडे एवढंच होतं. माझं आंदण जाऊबाईंकडून सोडवायचं तर घरात भांडण पेटलं असतं, म्हणून चारचौघांत मला तोडून बोलल्या आणि मामांकरवी गुपचूप आपली भांडी पाठवली. हे कोणालाच, मलासुद्धा, सांगू नये म्हणून यांना शपथ घातली. कोणाची, सांग? माझी. म्हणून हे इतके दिवस कधी मोड म्हणत होते, कधी मित्र.

अक्का, मी माहेरची पुना आणि इथली कला. दोन नावं घेऊन वावरणारी मी. सासूलाही कधी माहेर असेल, तिथे तिला दुसऱ्या नावानं हाक मारत असतील, हे मला एकदाही सुचू नये? तुलाही सुचलं नाही. पण तुला बोल लावत नाही. तू फक्त वाट सांगितलीस, चालत मीच गेले.

यांना सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं मला जुनी भांडी आवडली नाहीत. माझ्या डोक्यात काय होतं ते त्यांना माहीतच नव्हतं. मग विचारलं, "इतके महिने तू माझ्याबद्दल हे धरून बसली होतीस?" 

यांनी आईला कळवलं नव्हतं. सासूबाईंना वाटत होतं, हंडा इथे आहे आणि मी रोज त्यात पाणी भरते. पत्रानं सांगावं तर तिकडे पत्र वाचून दाखवणार जाऊबाई. म्हणून रविवारी मी एकटीच साक्रीला गेले. जाऊबाई शेतात होत्या. सासूबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी सुपाशी बसले आणि सांगून टाकलं, की आई, मी तुमची भांडी मोडीत घातली, ती आटवलीही गेली.

सूप थांबलं. शिव्या देतील असं वाटलं, मला त्या हव्याच होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "नाव वाचीसन दिधा, का बिगर वाचता?"

खोटं बोलणं सोपं होतं, अक्का. दिसलंच नाही म्हटलं असतं की सुटले असते.

"वाचून," मी म्हटलं. "मला वाटलं, दुसरी कोणी बाई आहे."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, नंतर जेवताना मी वाढलेलं निम्मं ठेवलं. पण त्या वेळी ओट्यावर सूप बाजूला सारून म्हणाल्या, "तुले वाचता येस. माले नही येत. बाप म्हने, तुनं नाव शे त्यावर. काय लिखेल व्हतं?"

"गुलाब."

"आखो एक डाव सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि जाऊबाई शेतातून येऊन दारात उभ्या राहीपर्यंत मी ते नाव सांगत राहिले.

आखाजीला मी त्यांच्याकडे जाते आहे.

तुझी,
पुना