कॅमेऱ्याच्या खोलीचं कुलूप

जबल अली, दुबई,
२६ सप्टेंबर २००३

प्रिय कैवल्य,

तुला आणि मैथिलीला अनेक आशीर्वाद. इकडे उकाडा अजून हटत नाही. मिहिका दहावीला गेली, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्येच.

तुझा मेल वाचला. विस्कॉन्सिनमध्ये किरणोत्सारी पदार्थांचं नियंत्रण ऑगस्टपासून वॉशिंग्टनकडून राज्याकडे आलं, तुझ्या हॉस्पिटलचं लायसन्सही. मला फार कुतूहल वाटतंय. एका ऑफिसने सोडलं आणि दुसऱ्याने धरलं, त्या मधल्या काळात विचारायला कोणी होतं का? आमच्याकडे उलट चाललंय, अमिरातीकडून केंद्राकडे.

का विचारते ते सांगते. आमची कंपनी पाइपांचे वेल्ड तपासते. त्याच्या कॅमेऱ्यात इरिडियमची किरणोत्सारी गोळी असते. केबलने ती बाहेर ढकलायची, फिल्म उमटली की आत ओढायची; बाहेर अडकली तर जवळच्याच्या जिवावर बेततं. सुरक्षेची जबाबदारी माझी. गेल्या महिन्यात कॅमेऱ्याच्या तपासणीची मुदत संपली. जुनं ऑफिस म्हणालं, आता आमच्याकडे नाही. नवं म्हणालं, फाइल येईल, इन्शाल्ला. त्यात केबल मला अडकल्यासारखी वाटत होती. मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

मॅनेजरचं म्हणणं, कोणी मनाई केलेली नाही, मग काम का थांबवायचं? मी म्हटलं, परवानगी तरी कोणी दिलीय?

मॅनेजर म्हणजे प्रल्हाद. तुझे भावोजी. फोनवर हे बोलता येत नव्हतं, तो घरातच असतो.

त्याने घरीही किल्ली मागितली. मिहिका वैतागून म्हणाली, "मम्मा, जस्ट गिव्ह इट टू हिम." मी दिली नाही.

शेवटी नव्या ऑफिसची तपासनीस रुकय्या आली. तिने केबल उघडली. गोळीला धरून ठेवणारा टोकाचा हूक झिजला होता.

"गोळी बाहेर गेली असती, आत आली नसती," ती म्हणाली.

मग आमचा टेक्निशियन मुश्ताक मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडम, मी या कामाला नाही म्हटलं होतं, म्हणून किल्ली मिळाली की साहेब स्वतःच कॅमेरा घेऊन साइटवर जाणार होते. मला हे ठाऊकच नव्हतं.

काल प्रल्हादने विचारलं, "माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी एवढं ताणलं असतंस?"

मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग ठीक आहे."

यात राग किती, समाधान किती, मला अजून कळलेलं नाही. डिसेंबरात याल तेव्हा त्याच्याशी नेहमीसारखाच बोल. आईला मात्र यातलं काही कळवू नकोस.

त्याला गमावता गमावता राहिलेली,
तुझी उर्मिलाताई