काचेवरचा पंजा

काश्मीर, जानेवारी १९४८

तीर्थरूप सावळारामदादांस धाकट्या मानसिंगचा पाया पडून दंडवत.

मी खुशाल हाय. हितं लॉरीच्या काचेवर बर्फ धरतं. मी ते रोज सकाळी खरवडतो, मग आई भांडी घासती तशी राखेनं काच घासतो. शेजारी बसणारा आपला गेनू नुसता गरम पंजा टेकवून बघण्यापुरती काच मोकळी करायचा.

नऊ दिवसांमागं गेनू कड्याच्या बर्फाखाली गेला, तो सापडलाच न्हाई. त्याच्या आईला कागद पोचला का?

आईचा खोकला कसा हाय?

दादा, रोज राखेनं घासूनबी काच श्वासानं धुरकटली की गेनूच्या बाजूला पाच बोटं उमटत्यात. म्या हात लावून बघितला. पंजा माझ्यापेक्षा मोठा हाय.

साहेब काच बदलू म्हणत्यात. मी नको म्हणालो. त्याच्या आईला दाखवायला दुसरं काय हाय?

तुमचा मानसिंग