बहिऱ्याच्या नावे वळणावरची टपरी

मी, वय एकाहत्तर, धंदा वळणावरची खाण्याची टपरी, आज शुद्धीवर आहे, रागात नाही (हे क्वचित घडते), आणि कोणी मानगूट धरलेली नसताना स्वहस्ते लिहून ठेवतो की माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे. बाकावर बसून पूर्वी कोणाला तोंडी काही कबूल केले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलाला. त्याने आईला तिच्या खोलीतून हलवू नये. हलवल्यास घर तिचे.

२. टपरीबाहेरचा लांब बाक न्हाव्याला. चाळीस वर्षे तो डाव्या टोकाला बसून जगाच्या उचापती करत आला. बाकाचा एक पाय नवा आहे. जुना मी एका ट्रक ड्रायव्हरच्या पाठीत घालून मोडला. त्या बाकावर दोन डोकी फुटली, एक कान तुटला, आणि तरी दुसऱ्या सकाळी सगळे चहाला हजर. ते दिवस फार आठवतात.

३. लोखंडी झारा भंगारात घालावा. त्याने मी एकाचा जबडा मोडला. त्या माणसाने आमचे छप्पर पेटवले होते, त्यामुळे पश्चात्ताप नाही. परंतु मुलगा माझ्याच वळणावर गेला आहे, झारा त्याच्या हाती लागू नये.

४. टपरी, भट्टी, कढया व जागा धाकट्या भावाला, ज्याला सगळे बहिरा म्हणतात. मुलगा परवा म्हणाला, "बाबा, काकाला गिऱ्हाइकाचं ऐकू तरी येतं का? दोन महिन्यांत बोऱ्या वाजेल." म्हणून कारण लिहितो.

आमच्याकडे उकळते काही घेऊन कोणाच्या मागून जायचे तर "तापलंय!" अशी आरोळी द्यायची, हा वडिलांचा नियम. तीस वर्षांपूर्वी धाकट्याने भर गर्दीत माझ्या कानाखाली वाजवली. चूक माझी होती, मी त्याच्या बायकोला शिवी दिली होती. दुसऱ्या सकाळी मी तेलाची कढई उचलून त्याच्या मागून निघालो. आरोळी दिली नाही. तो वळला. कढई मी फेकली नाही, पण आवरलीही नाही. अर्धा चेहरा गेला, उजवा हात गेला. फडक्याला कातडी चिकटून आली. तो वास अजून नाकातून जात नाही.

लोक धावले, तेव्हा तो विव्हळत म्हणाला, "दादा ओरडला होता. मलाच ऐकू आलं नाही."

तेव्हापासून तो बहिरा. तीस वर्षे लोक त्याच्याशी ओरडून बोलतात आणि तो "काय?" म्हणून कान पुढे करतो. चारचौघांत मीही ओरडूनच बोललो. याची मला लाज वाटते.

त्याचे कान शाबूत आहेत. हे कलम बाकावर, सर्वांसमक्ष, साध्या आवाजात वाचावे. त्याला ऐकू येईल.

स्थळ: टपरीमागची खोली
दिनांक: १९ फेब्रुवारी, सकाळी भट्टी पेटण्यापूर्वी

(सही)

साक्षीदार १: समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर. सही माझ्यासमक्ष झाली.

साक्षीदार २: न्हावी. माझ्याही समक्ष झाली. शिवाय लिहितो की त्या सकाळी बाकावर आम्ही सहाजण होतो. आरोळी कोणालाच ऐकू आली नव्हती.