पट्टीत बसणारी ओळ

८ डिसेंबर, सोमवार

ओळ बसली! आमच्या चॅनलचे विक्रम सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याला म्हणतात हेडलाइन." बातम्या द्यायला बसता बसता श्रद्धा मॅडमनीसुद्धा मागे वळून पाहिलं.

झालं असं — परवा कोथरूडला एका फ्लॅटमध्ये चोरी झाली. पोलिसांच्या पत्रकात एवढंच होतं की सोसायट्यांनी अनोळखी माणसांची चौकशी करावी. सरांनी त्यावरून सांगितलं: 'दुरुस्तीच्या बहाण्याने काही अनोळखी इसम सोसायट्यांची टेहळणी करीत असावेत, असा संशय.' मी म्हटलं, सर, पोलीस दुरुस्तीचं कुठे म्हणालेत? "सूत्रं म्हणतात. तू टाइप कर." पण पडद्याखाली जी पट्टी धावते तिच्यात एवढं लांब चांगलं दिसत नाही. माणूस शेवटापर्यंत वाचत नाही. मग एकेक शब्द काढत गेलो. आधी 'संशय' गेला. मग 'असावेत'. 'काही' गेला, 'अनोळखी' गेला. राहिलं — 'दुरुस्तीवाल्यांची सोसायट्यांत टेहळणी!' उद्गारचिन्ह सरांचं. बाकी माझं.

बारावीला दोन विषय राहिले ते राहिलेच. पण ह्या ऑफिसात 'टेहळणी' न अडखळता लिहिणारा मी एकटा.

९ डिसेंबर, मंगळवार

तीच ओळ दिवसभर. ज्या भाऊंच्या जाहिरातींवर आमचं चॅनल चालतं ते महापालिकेला उभे राहणार आहेत. त्यांचा सरांना फोन — ओळ फार आवडली, 'सुरक्षित सोसायटी' हाच आपला मुद्दा, रोज चालवा.

हडपसरच्या ऑफिसातून कोथरूडला घरी येताना बसमध्ये शेजारचा माणूस मोबाईलवर आमचंच बुलेटिन बघत होता. ओळ त्याच्या अंगठ्याखालून सरकत गेली. अंगावर काटा आला. आनंदाचा असावा.

११ डिसेंबर, गुरुवार

आमच्याच सोसायटीत पाटी लागली. सुशीलाबाईंनी स्वतः लिहिली — त्या सेक्रेटरी, निवृत्त मुख्याध्यापिका. 'दुरुस्तीवाल्यांना प्रवेश नाही. कारण विचारू नये, बातम्या बघाव्यात.' अक्षर सुंदर. चूक एकही नाही.

गेटवर वॉचमन म्हणून बाबा. ही नोकरी, पाण्याच्या पंपाशेजारची ही खोली, सगळं गुलजारभाईंमुळे. ते बिबवेवाडीहून स्कूटरवर येतात, कुकर, शेगड्या, मिक्सर दुरुस्त करतात. आम्ही वाशिमहून आलो तेव्हा त्यांनीच सुशीलाबाईंना सांगितलं होतं, "माणूस सरळ आहे, ठेवून घ्या." त्यांच्या शब्दावर ठेवलं.

पाटी गुलजारभाईंसाठी नाही. त्यांना अख्खी सोसायटी ओळखते. पाटी अनोळखी माणसांसाठी आहे.

पण 'अनोळखी' तर मी काढला!

१३ डिसेंबर, शनिवार

आज माझी सुट्टी होती. नसती तर बरं झालं असतं.

गुलजारभाई आले, हातात सुशीलाबाईंचा दुरुस्तीला नेलेला कुकर. "काय नागोराव, चहा झाला का?" — नेहमीसारखं. बाबा खुर्चीवरून उठले, पण गेट उघडलं नाही.

"आत नाई सोडता येत, गुलजारभाई."

"मला?"

"ऑर्डर हाय."

त्यांना थट्टा वाटली. "मग झडती घ्या! हे पान्हे, ह्या रबरी रिंगा, आणि ही बाईंच्या कुकरची जुनी शिट्टी. फार किंमती ऐवज!" बाबा हसले नाहीत. म्हणाले, "टीव्हीवर दाखवून रायले ना. दुरुस्तीवाले टेहळणी करतेत मनून."

टेहळणी! बाबांच्या तोंडी! उभ्या जन्मात हा शब्द ते बोलले नव्हते.

मग गुलजारभाईंचं हसणं गेलं. कुकर गेटवरून बाबांच्या हातात दिला. "बाईंना सांगा, शिट्टी नवी आहे, रिंग नवी आहे." मग मी दिसलो. "बेटा, तू चॅनलमध्ये आहेस ना? सांग ना तिथं कुणालातरी." मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून — माझं मलाच कळलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

कुकर अजून बाबांच्या केबिनमध्ये. सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्यांनी टाकलंय, 'सदर वस्तू आधी तपासून घ्यावी.' सुशीलाबाई लांबूनच म्हणाल्या, "राहू दे तिथंच." आणि त्याच कुकरमधलं वरण त्या कित्येक वर्षं जेवताहेत!

१७ डिसेंबर, बुधवार

चोर सापडला! ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांचाच सख्खा भाचा. पोलिसांचं पत्रक आलं. मी धावतच सरांकडे नेलं.

सर म्हणाले, "भाच्यानं मामाकडे हात मारला, यात बातमी काय? घरोघरी भाचे आहेत."

"पण सर, आपण दुरुस्तीवाल्यांचं..."

"आपण नाव घेतलं का कुणाचं? नाही ना? मग?"

सर जेवायला गेले. मी पट्टी उघडली. 'कोथरूड चोरी: भाचा अटकेत, दुरुस्तीवाल्यांचा संबंध नाही.' पहिल्या फटक्यात बसली. काही कापावं लागलं नाही. 'संबंध' मात्र दोनदा पुसून लिहिला. धावू दिली.

सर जेवून आले, पडद्याकडे बघितलं. ओरडले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पगार कोण देतं तुला, पोलीस? काढ ते." काढलं. मग म्हणाले, "आता जुनी लाव." लावली.

तेवढ्या वेळात कुणी बघितली असेल का? गेटवर बाबांच्या केबिनमध्ये तर दुपारी टीव्ही चालूच असतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

बघितली! बाबांनीही, सुशीलाबाईंनीही. सकाळी बाई गेटपाशी बाबांना विचारत होत्या, "काय हो नागोराव, काल काहीतरी वेगळंच दाखवलं म्हणे?" बाबा म्हणाले, "हो ना बाई. अन् मंग गायब. दबाव आला असन चॅनलवर, मनून तसं दाखवलं."

"बघा! तुम्हालासुद्धा कळतं ते."

दबाव! खोटं रोज दिवसभर धावलं तेव्हा कुणाला दबाव दिसला नाही. खरं मिनिटभर दिसलं तर दबाव!

बाई गेल्यावर मी म्हटलं, बाबा, ती कालची ओळ मी टाकली होती. भाचा खरंच पकडलाय. मी पत्रक वाचलंय.

"तू टाकली मनून खरी झाली का?"

"पहिली पण मीच टाकली होती."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीचा आवाज वाढवला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आईला सांगितलं सगळं. ती म्हणाली, "जाऊन सांग ना मंग गुलजारभाईले. मले सांगून काय होते?"

२१ डिसेंबर, रविवार

बिबवेवाडीला गेलो. सांगायलाच गेलो होतो.

ते घराखाली फूटपाथवर बसलेले, पुढ्यात एक मिक्सर, तोही घरचाच. त्यांच्या बायकोनं, रझियाभाभींनी, वरून हाक मारून माझ्यासाठी चहा पाठवला. गुलजारभाई म्हणाले, कोथरूडला जातील तिथं हीच पाटी. "कुणाच्या घरी डाळीला किती शिट्ट्या लागतात ते पाठ आहे मला बेटा. आता त्याच बायका खिडकीतून बघतात आणि पडदा ओढतात." स्कूटर विकायचं चाललंय. कोथरूडच बंद, तर ती हवी कशाला?

बाबांची चौकशी केली. "नागोरावांवर राग नाही माझा. गेटवरचा माणूस काय करणार?" मग मिक्सरचं भांडं फिरवत म्हणाले, "ज्यानं ते लिहिलं ना, तो भेटायला हवा एकदा. भांडणार नाही. एवढंच विचारीन — बाबा रे, तुझ्या घरी कुकर आहे का?"

चहा गरम होता. तसाच प्यायलो. येतो म्हटलं.

नाही सांगितलं.

२२ डिसेंबर, सोमवार

नोकरी सोडायची. आजच. — सर म्हणाले, निवडणुकीपर्यंत कुणालाही रजा नाही. रजा! मी राजीनाम्याचं विचारायला गेलो होतो, तोंडातून रजा निघालं.

२४ डिसेंबर, बुधवार

भाऊ आज आमच्या सोसायटीत आले. 'सुरक्षित सोसायटी' — पार्किंगमध्ये मांडव, खुर्च्या, आमचाच कॅमेरा. दुरुस्तीवाल्याला गेटवर अडवलं म्हणून बाबांना शाल, श्रीफळ. श्रद्धा मॅडमनी माईक पुढे धरला, "नागोराव, तुम्हाला संशय कसा आला?" बाबा कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "वागन्यावरूनच समजते." टाळ्या! सुशीलाबाईंनी सर्वांत आधी वाजवल्या. नंतर बाबांना म्हणाल्या, मी नवीन कुकर आणलाय, तो जुना तुमच्याकडेच ठेवा.

ऑफिसात सर खूश. "तुझे वडील? अरे, आधी नाही का सांगायचं!" पट्टी मलाच लिहायला दिली. 'सतर्क सुरक्षारक्षक नागोराव इंगोले यांचा सत्कार.' नाव पुन्हा पुन्हा तपासलं. चूक नव्हती.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी आईने त्याच कुकरमध्ये भात लावला. शिट्टी खणखणीत झाली. बाबा शालीची घडी घालत होते. शेवटी विचारलंच — बाबा, गुलजारभाई तसे आहेत असं तुम्हाला खरंच वाटतं?

"पागल झाला का? त्यानं आणलं आपल्याले इथं. मले माईत नाई का तो?"

मग?

घडी ट्रंकेत ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू पगारासाठी लिवतं. मी पगारासाठी खरं मानतो. जाय, बस चुकन."