थोरले आल्याशिवाय आत कोणी नाही

८ जुलै, मंगळवार
घरामागचा मळा विकायचा म्हणे. चाकण रोडला लागून आहे, गोडाऊनवाला हात धुऊन मागे लागलाय. लेक ज्ञानेश मारुंजीला, थोरल्या दिरांचा पिंटू आळंदीला, बाकी भावकी पांगलेली. म्हणून बैठक मोबाईलवर. मी रुसू नये म्हणून ज्ञानेशने मलाच होस्ट केलं. आपल्या हाताने किल्ली दिली येड्याने. नातीने, स्वप्नालीने, बटणं दाखवली. कोणाला आत घ्यायचं, कोणाचा आवाज बंद करायचा, कोणाला हाकलायचं. एवढंच? एवढ्यावर तर मी अख्खं सासर चालवलं.
मळा विकू देत नाही.

१३ जुलै, रविवार
पहिली बैठक. बाप शेजारी बसलेला असताना पिंटूच आधी मळ्याच्या दराचं बोलायला लागला. केला म्यूट. ज्ञानेशने तोंड उघडलं, त्यालाही. मग सगळ्यांनाच. नुसती तोंडं हलत होती, रवंथ केल्यासारखी. मी विचारलं, मळा विकायचा न्हाई, कोणाची हरकत? कोणी ब्र काढला नाही. मिटलं.
शेजारी बसलेली स्वप्नाली म्हणाली, आजी, आवाज तूच बंद केलायस. म्हटलं, व्हय, म्हणून तर एकमत झालं.

१६ जुलै
पाठ दुखते. जबाबदारीच तेवढी आहे. ज्ञानेश म्हणतो, आई, रविवारी परत बसू, या टायमाला सगळ्यांना बोलू दे. बघू म्हटलं. बघणार नाही.

२० जुलै, रविवार
सगळे वेटिंग रूममध्ये. थोरले दीर मारुतराव आले नव्हते. पंगतीत थोरल्याने घास घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नाही, मग बैठकीत यांना आधी कसं घेऊ? ज्ञानेशचा फोन, आई, आत घे की गं. म्हटलं, बसा ओसरीवर. मग पिंटूचा, काकू, आप्पा माझ्याजवळच बसलेत, दोघं एकाच मोबाईलवर हाय. म्हटलं, नाव तुझं दिसतंय. आप्पांचं नाव दिसू दे, मग बघू.
एकेक नाव गळत गेलं. घाबरले.

२७ जुलै, रविवार
वेळेवर उघडून बसले. कोणी नाही. पडद्यावर माझंच थोबाड. होस्टला उठून जाता येत नाही. आमटी करपली. मळ्याचा विषय संपला म्हणायचा.

२ ऑगस्ट, शनिवार
मळ्यात मोजणीवाले. मारुतराव स्वतः उभे. जन्मभर त्यांच्यासमोर पदर ओढून बाजूला झाले, आज तोंडावर विचारलं. म्हणाले, अंबूबाई, दारात किती वेळ तिष्ठायचं? ज्ञानेशच्या फ्लॅटवर जमलो, ठरवून टाकलं. तुमचा हिस्सा ठेवलाय, नाल्याकडचा. ज्ञानेश चपलेने माती उकरत होता.
राग यायला हवा होता. आला नाही.
चिंचेखालची माझी बाज टेपला आडवी येत होती. मोजणीवाल्याला एकट्याला उचलेना. दुसऱ्या बाजूने मी धरली.